पाळकसाहेबांचे जर्मन बुवा

आमच्या चर्चचे पाळकसाहेब बोलायला लागले की सगळ्यांच्या ताटातल्या भाकरी गार व्हायच्या. आम्ही घास हातात धरून बसायचो, वाटीतलं कालवण थिजायचं, आणि चुलीपुढून पाळकीणबाई ओरडायच्या, "आवं, आधी जेवू द्या की लेकरांना! तुमचे बुवा काय पळून चाललेत व्हय?"

बुवा म्हणजे जर्मन बुवा. आम्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ज्या जर्मन संन्याशानं पोपाविरुद्ध बंड केलं आणि ज्याच्या बंडातून आमचा पंथ निघाला, ते हे बुवा. त्यांचं नाव आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरींनाही ठाऊक होतं, पण पाळकसाहेबांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. वडीलधाऱ्यांचं नाव घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. 'बुवा म्हणतात', 'बुवांच्या घरी', 'बुवांना पोटाचा त्रास फार' असं ते बोलायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे बुवा इथंच शहरात, उस्मानपुऱ्यात कुठंतरी राहत असतील आणि काल यांची गाठ पडली असेल.

पोलिस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. निजामाच्या काळात उर्दूतून चालणाऱ्या शाळा मराठीत येऊ लागल्या होत्या आणि मराठी शिकवायला मास्तरणी मिळत नव्हत्या. मी जालन्याहून आले, छावणीतल्या मिशनच्या शाळेत लागले आणि जेवायला पाळकसाहेबांकडे बसू लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही तीन-चार मास्तर-मास्तरणी हीच त्यांची पंगत. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेले आहे. सून ताट वाढते, भाकरी गरम असते, समोर टीव्ही चालू असतो, आणि पाच मिनिटांत जेवण उरकतं. कुणीतरी बोलून बोलून माझी भाकरी गार करावी, असं मला अजून फार वाटतं.

दिसायला ते बुवाही नव्हते आणि साहेबही नव्हते. धोतर, त्यावर काळा अल्पाकाचा कोट, डोक्याला रुमाल. हातात सायकल. सायकल 'हातात' असंच म्हणायला हवं, कारण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. छावणीतून औरंगपुऱ्यापर्यंत ते ती नुसती ढकलत न्यायचे. आमच्या शेजारचा टांगेवाला रोज हाक मारायचा, "क्या पादरीसाब, आज भी सायकल को हवा खिलाने ले जा रे?" मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "बाई, सायकलवर बसलं की माणसं मागं राहतात." हे बुवांचं वचन की तुमचं, असं विचारल्यावर हसले. बुवांच्या काळात सायकल नव्हती, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

पण हा घोळ नेहमीचाच. त्यांच्या तोंडची निम्मी वचनं बुवांची असायची आणि निम्मी त्यांची स्वतःची, आणि सरमिसळ इतकी की वेगळं काढणं कठीण. "भुकेल्यानं प्रार्थना करू नये, तो देवाशी भांडतो." "सैतानाला गाणं सहन होत नाही, म्हणून बेसूर गाणाऱ्यांना तो चर्चमध्ये पुढं बसवतो." हे दुसरं चर्चमध्ये माझ्या पेटीच्या साथीवर गाणाऱ्या एका वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एकाकडे, बघून म्हटलेलं, म्हणजे नक्की त्यांचंच. जर्मन बुवांच्या पंगतीला जी विद्यार्थी मंडळी बसायची, ती म्हणे जेवण होताच बुवांचं बोलणं लिहून काढायची. आम्ही आपले हात धुऊन शाळेची घंटा गाठायला पळायचो.

त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर निळा डाग होता. बुवांनी एकदा सैतानाला दौत फेकून मारली होती, अशी दंतकथा आहे. त्याचा डागही तिकडं दाखवतात म्हणे. पाहुणा आला की पाळकसाहेब या डागाकडे बोट करून गंभीरपणे म्हणायचे, "इथंही तो आला होता." आणि आतून बाई सांगायच्या, "मांजर व्हतं. दूध प्यायला आल्यालं. दौत फुटली, मांजराला काय बी झालं नाय."

पाळकीणबाई गंगापूरकडच्या एका खेड्यातल्या. अक्षरओळख नाही. लग्न झालं तेव्हा पाळकसाहेब सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेत होते आणि या आईकडे शेरडं राखत होत्या. बुवांची बायको ही मठातून पळालेली जोगीण, मासळीच्या गाडीत लपून आलेली, हे त्यांना ऐकून पाठ झालं होतं, आणि दर वेळी त्या नाक मुरडायच्या, "शी! म्हैनाभर वास ग्येला नसंल तिचा." पाळकसाहेब मग सांगायचे की त्याच बाईनं पुढं बुवांचं घर, शेत, डुकरं, पाहुणे सगळं सांभाळलं, आणि बुवा तिला 'आमचे मालक' म्हणायचे. "आयका," बाई आम्हांला म्हणायच्या, "नुसतं सांगत्यात. म्हणत नायत."

पाळकसाहेबांची खरी ओळख म्हणजे त्यांचं कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन आमच्यात जुनंच, पण बुवांच्या चरित्रावर कीर्तन करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फेटा बांधायचे, चिपळ्या घ्यायचे; पेटीवर मी, तबल्यावर शाळेचा शिपाई. तरुण बुवांवर रानात वीज कोसळते, ते जिवाच्या भयानं संन्यास घेण्याचा नवस बोलतात, तिथून सुरुवात. मग पोपाचं फर्मान येतं आणि बुवा ते चौकात जाळतात. मग बादशहाचा दरबार. मेजावर बुवांची पुस्तकं मांडलेली. वजीर विचारतो, ही तुझी? व्हय सरकार, माझीच. मग म्हण, यात लिहिलं ते चुकलं. बुवा एका दिवसाची मुदत मागतात. इथं पाळकसाहेब हमखास थांबायचे आणि लोटाभर पाणी सावकाश प्यायचे. माणसं कासावीस व्हायची. मग लोटा ठेवून, छाती काढून, "सरकार, मागं सरायला माझ्या पायाला जागा नाय!" चिपळ्या अशा कडाडायच्या की माझी बोटं पेटीवर चुकायची.

एकदा पाळकीणबाईंच्या माहेरी, गंगापूरकडे, शनिवारी कीर्तन ठेवलं. सगळं गाव लोटलं, ख्रिस्ती थोडे आणि इतर फार. फर्मान जाळल्याबरोबर जी आरोळी उठली ती मी विसरले नाही. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे शेतकरी पुढं आले. डोळे भरलेले. म्हणाले, "महाराज, लई मोठा मानूस म्हणायचा. निजामाचा कागद जाळला, भ्याला नाय! गाव कुठलं म्हणायचं बुवांचं? पैठणच्या अंगाला का?"

मी पेटीआड तोंड लपवलं. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "त्याच अंगाला. पण जरा लांब."

म्हाताऱ्यांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, तर कपाळावर काळपट टिळा तसाच. पुढच्या बाकावर चर्च कमिटीचे मुख्य वडील बसायचे. निजामाच्या अदालतीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद ठेवणारे कारकून, म्हणून निवृत्त झालेले, शेरवानीचं शेवटचं बटणसुद्धा लावणारे. उपासना संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाळकसाहेब, कपाळ." पाळकसाहेबांनी हात लावून पाहिला. "धुतलं होतं हो. बुक्का चांगला असावा."

आता खरी गोष्ट. एका रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये हरवलेल्या मेंढराचा अध्याय वाचला. आवाज त्यांचा घंटेसारखा, आणि त्या दिवशी तर फारच लागला होता. दुपारी पंगतीत स्वतःवर खूश होऊन त्यांनी बाईंना विचारलं, "काय, आजचं वाचन कसं झालं?"

बाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आवाज लई ग्वाड तुमचा. पर काय वाचता त्ये काय मला उमगत नाय."

"आजचं?"

"कंदीच नाय. लगीन झाल्यापसून. कीर्तनातलं समदं कळतं बगा, त्ये बुवा, ती जोगीण. चर्चात पुस्तकातलं वाचता ना, त्ये न्हाई कळत. आमच्या वळीत कुनालाच कळत नाय. आमी आपल्या माना हलवतो."

पाळकसाहेबांचा घास हातातच राहिला. आमच्या शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी जुन्या वळणाचं, पंडिती. पुण्याकडच्या शास्त्र्यांच्या मदतीनं गोऱ्या मिशनरी साहेबांनी केलेलं. ते आम्हांला पाठ होतं म्हणून कळतं असं वाटायचं. पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बुवांनी लोकांना शास्त्र लॅटिनमधून काढून त्यांच्या बोलीत दिलं, म्हणून मी तीस वर्षं टाळ कुटतोय. आणि माझ्याच घरात मी लॅटिन वाचत होतो." ताटातच हात धुतला आणि उठले.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. शास्त्र या बायकांना कळलं पाहिजे, आणि चर्चमध्ये, पुढच्या बाकांवरच्या मंडळींसमोर कळलं पाहिजे. सायकल औरंगपुऱ्याच्या मंडईत जाऊन थांबू लागली. भाजीवालीला विचारायचे, "मावशे, तुझं काही हरवलं आणि सापडलं, तर शेजारणीला कसं सांगशील?" ती म्हणायची, "सांगंल की. आधी मेथी घ्या." ते मेथी घ्यायचे. त्या हिवाळ्यात आम्ही मेथी इतकी खाल्ली की विचारू नका.

मंडईतून आणलेलं ते पंगतीत बाईंना ऐकवायचे. "एका धनगराकडं लई मेंढरं व्हती. त्यातलं एक चुकलं. तसा त्यो समद्यांला रानात सोडून त्या एकाला हुडकाय निघाला..."

"आन् बाकीची कुनाच्या भरोशावर सोडली?" बाईंनी मध्येच विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मंग इचारा तुमच्या देवाला. रानात मेंढरं टाकून जानारा धनगर मी नाय बगितला. लांडगा काय मेला व्हता का?"

पाळकसाहेब अक्षरशः टाळ्या पिटायला लागले. "कळलं! हिला कळलं! ज्याला कळतं तोच भांडतो!" पुढच्या रविवारी त्यांनी ती गोष्ट चर्चमध्ये तशीच सांगितली, बाईंच्या लांडग्यासकट. बायका डाव्या हाताला सतरंजीवर बसायच्या. तिथून आधी एक दबलेलं हसू आलं, मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बराबर हाय की तिचं!" चर्चमध्ये बाईमाणसाचा आवाज मी गाण्याखेरीज प्रथमच ऐकला. दोन-तीन रविवारांत सतरंजी पुरेना. बाई पहिल्या ओळीत बसायच्या, आणि त्यांचं तोंड असं उजळायचं की मी पेटी वाजवायची सोडून बघत राहायची.

कमिटी बसली. उपासनेनंतर तिथंच चर्चमध्ये बसली म्हणून मला, पेटी झाकता झाकता, सगळं ऐकता आलं. मुख्य वडील उठले. मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यांना गावात कुणी नीट बोलू दिलं नाही. शुद्ध बोललं तर मार पडायचा, की मातलास का. हे पुस्तक हातात आलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा चारचौघांसारखं बोललो. अदालतीत काम उर्दूत चालायचं, पण तिथं मी मान वर करून उभा राहिलो तो या भाषेच्या जोरावर. आणि तुम्ही आम्हांला परत गावकुसाबाहेर नेऊन बसवता? ते सुद्धा देवाच्या घरात?"

माझ्या मनात आलं, यांचंही खोटं नाही. शेवटी ठरलं ते असं: पाळकसाहेबांनी छापलेलं तेवढंच वाचावं, नाहीतर पद सोडावं. पद सोडलं की मिशनचं घरही सोडायचं.

पाळकसाहेब म्हणाले, "मला एक दिवस द्या."

सगळ्या मंडळीला कीर्तन पाठ होतं. एक दिवसाच्या मुदतीनंतर काय होतं ते पोराटोरांना माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात ही गर्दी. बायका तर पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. पाळकसाहेब सायकल ढकलत आले. ती भिंतीला टेकवली. वडिलांसमोर उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "मी छापलेलं वाचीन." पुन्हा सायकल घेतली आणि गेले.

कारण मला ठाऊक होतं, आणखी कुणाला नव्हतं. पावसाळ्यापासून बाईंना खोकल्यातून रक्त पडत होतं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला हलवू नका, ही हवेशीर खोली सोडू नका.

त्या रात्री पंगत बसली. बाईंनी वाढलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "तुमचे बुवा मागं सरले व्हते का दरबारात?"

"नाही."

"मंग तुमी कामून सरला?"

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच ठेवला. "बुवा दरबारात उभे राहिले तेव्हा सडेफटिंग होते," ते म्हणाले. "लग्न नंतर झालं त्यांचं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. मी तर रडलेच. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्यापायी त्या समद्या बायांचं ग्येलं." लोक पुढं पाळकसाहेबांना भित्रे म्हणाले, कीर्तनाला बोलावीनासे झाले. पण माझं त्यांच्यावरचं प्रेम 'लग्न नंतर झालं' या एका वाक्यापासून जे बसलं ते आजवर तसूभर कमी झालेलं नाही.

रविवार पुन्हा पूर्वीसारखे झाले. ते छापलेलं वाचायचे, बायका माना हलवायच्या. सतरंजीवर जागा रिकामी राहू लागली. घरी मात्र ते रोज बाईंच्या खाटेशी बसून एकेक गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायचे. बाई ऐकायच्या, भांडायच्या, दमल्या की डोळे मिटायच्या. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर त्या हळूच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, ह्ये घरात सांगत्यात, लई ग्वाड लागतं. पर मला चर्चात आयकायचं व्हतं. चारचौघींत बसून." पाळकसाहेब दारात उभे होते. ते ऐकून तिथूनच परत फिरले.

उन्हाळ्यात बाई गेल्या.

जालन्याचे पाळक अंत्यविधीला येतो म्हणाले होते. आमच्या पाळकसाहेबांनी नको म्हणून सांगितलं. "तिचं वाचन मी करणार." छावणीच्या कब्रस्तानात कडुलिंबाच्या सावलीला खड्डा खणला होता. सगळी मंडळी आली होती. बायका एका बाजूला, शाळेच्या पोरी माझ्यामागं. पाळकसाहेबांना पुस्तकात ते पान सापडेना, म्हणून मुख्य वडील पुढं झाले आणि ते उघडून त्यांच्यासमोर धरलं. शेरवानीची बटणं त्या उन्हातही गळ्यापर्यंत लावलेली.

पाळकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. आवाज तोच, घंटेचा. एक ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि ते थांबले. खड्ड्याच्या कडेला ठेवलेल्या शवपेटीकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळून, तक्रार नव्हे, नुसतं सांगावं तसं म्हणाले, "हिला कळत नाही हो हे."

त्यांनी हातानं पुस्तक मिटलं. ते वडिलांच्याच हातात राहिलं. मग पाळकसाहेब खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि पेटीवर हात ठेवून बोलू लागले.

"भिऊ नगंस. आपल्या बाच्या घरी लई जागा हाय. तितं कुनाला भाईर उभं ऱ्हावं लागत नाय. प्रभू म्होरं ग्येलाय, तुज्यासाठी जागा करून ठिवतो म्हनून. नुसता सांगावा धाडनार नाय त्यो, सोता येनार हाय न्यायला. वाट चुकशील म्हनून भिऊ नगंस, वाट त्योच हाय. आता उमगलं का?"

बायकांमधून एकीचा आवाज आला, "उमगलं, पाळकसाहेब." मग दुसरीचा, तिसरीचा.

सगळे वडिलांकडे बघू लागले. ते पुस्तक छातीशी धरून उभे होते. पाळकसाहेबांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते पलीकडच्या भिंतीलगतच्या जुन्या थडग्यांकडे बघत होते.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, आणि भिंतीकडे हात केला, "माझी आई त्या भिंतीशी आहे. तिलाही कधी कळलं नाही. जरा मोठ्यानं सांगाल?"

पाळकसाहेब उठले. धोतराची माती झटकली नाही. भिंतीकडे तोंड केलं, आणि पहिल्यापासून, कीर्तनातल्या आवाजात, पुन्हा सांगू लागले.